ऑपरेशन झाकलं की गोळ्याही बंद पडतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वजन कमी करण्याच्या ऑपरेशनवरचा पानभर लेख वाचला. दुर्बिणीतून ऑपरेशन कसं होतं, कितव्या दिवशी घरी सोडतात, वर्षभरात किती किलो उतरतात, सगळं नीट मांडलंय. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, नव्या मापाचा शर्ट. गोळ्यांविषयी मात्र शेवटी एकच ओळ होती, की रुग्णाला काही काळ पूरक जीवनसत्त्वं घ्यावी लागतात. ही ओळ चुकीची आहे, आणि लोकांना ती फार आवडते, म्हणून हे पत्र. या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

अमळनेरला आमचं मेडिकल आहे. मी डी.फार्म. झालेली, लग्न होऊन आले तशी काउंटरला उभी राहिले ती आजतागायत. २०११ साली नितीन गडकरींनी हे ऑपरेशन करून घेतल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्याकडे वाटायचं, ही पुढाऱ्यांची न् पैसेवाल्यांची कामं. आता शाळेतल्या बाई, सराफ, केळीचे व्यापारी, ट्रकमालक, सगळे करून येतात. कोणी नाशिकला जातं, कोणी मुंबईला, इंदूरला. आमच्या भागातले बरेचसे सुरतला, कारण सुरत-भुसावळ लाइन दारावरून जाते आणि उधना-लिंबायतला घरटी कोणी ना कोणी आहेच. ऑपरेशन झालं की चार दिवस बहिणीकडे टेकून माणूस परत येतो. सोबत इंग्रजीतली जाड फाइल. ती उघडते आमच्या काउंटरवर.

सुरुवातीला सगळं शिस्तीत चालतं. नवरा व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा फोटो पाठवतो, तिथल्या ब्रँडचं औषध इथं नसतं म्हणून मी जळगावच्या स्टॉकिस्टकडून मागवून ठेवते. मग केस गळायला लागतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास हे बहुतेकांचं होतं, वजन झपाट्यानं उतरल्यामुळे, आणि पोटात प्रथिनं नीट जात असतील तर केस परत येतात. पण त्या काळात बायोटिनच्या गोळ्यांना काय उठाव असतो! (जाता जाता सांगते, बायोटिनचा मोठा डोस चालू असताना थायरॉइडची रक्ततपासणी केली तर रिपोर्ट चुकू शकतो. लॅबवाल्याला आधी सांगा.) केस गळायचे थांबले, कपडे सैल झाले, शुगरची गोळी सुटली, की पुढच्या दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक येईनासं होतं. बाजारात भेटलं आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आते मी बरी शे ना ताई, मंग गोया कसाले?"

या गोळ्या ऑपरेशननंतरच्या अशक्तपणावर दिल्यात असा सगळ्यांचा समज आहे, बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यावेत तसा. तसं नाही. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. पोटाच्या बायपासमध्ये जठराची एवढीशी पिशवी ठेवतात, सुमारे ३० मिलीची. खोकल्याच्या औषधाची तीन टोपणं ओतली की भरली. तिथून अन्न थेट पुढच्या आतड्यात सोडतात, मधला तुकडा वगळून. आणि लोह न् कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं ते नेमकं त्या वगळलेल्या तुकड्यात. बी-ट्वेल्व्हला आधी जठरातलं आम्ल लागतं, मग जठरातूनच पाझरणारा एक खास घटक लागतो, तेव्हा कुठे ते आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं. जठरच उरलं नाही किंवा वाटेतून वगळलं, तर हे सगळं तुटतं. पाच वर्षांनी ते आपोआप जुळून येत नाही. मग वर्षभरात गोळ्या थांबवायच्या कशाच्या भरवशावर?

गोंधळ असा होतो की बी-ट्वेल्व्हचा साठा यकृतात दोन-चार वर्षं पुरेल इतका असू शकतो. गोळ्या सोडल्या तरी लगेच काही होत नाही. माणसाला वाटतं, बघा, उगाच घाबरवत होते. आमच्याकडे तर माळकरी घरं पुष्कळ, अंडंसुद्धा चालत नाही, म्हणजे साठा मुळातच बेताचा.

पारोळ्याकडच्या एक बाई सांगते. बायपास होऊन बरीच वर्षं झालेली, गोळ्या कधीच्याच बंद. दुकानात आल्या तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसरा पाय उघडा. चप्पल पायरीवर निसटून पडलेली आणि त्यांना पत्ताच नव्हता. म्हणाल्या, "पाय मना शेतस का दुसराना, तेच समजत नही." हातापायांना मुंग्या यायच्या, त्यासाठी कोणीतरी शुगरवरची औषधं चालू केली होती. त्या आपल्या मनानं उपकेंद्रातल्या लाल गोळ्या घेत होत्या, त्यामुळे हिमोग्लोबिन बऱ्यापैकी होतं आणि सगळे निश्चिंत. आता त्या लाल गोळीत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. गोळी चांगलीच आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची खराबी आतून चालूच राहते. बाईंचं तेच झालं होतं. शेवटी बी-ट्वेल्व्ह तपासलं, इंजेक्शनं सुरू झाली. खेड्यात ज्याला लोक लाल सुई म्हणतात, तीच. हातांच्या मुंग्या गेल्या. पायांचं पूर्वीसारखं झालं नाही. नसा फार दिवस उपाशी राहिल्या तर सगळ्या परत येत नाहीत.

याहून घाईचं प्रकरण बी-वनचं, म्हणजे थायमिनचं. त्याचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत राहिल्या तर तो महिन्याभरातच संपू शकतो. एक तरुण मुलगा, ऑपरेशनला दोन महिनेही झालेले नव्हते. पाणीसुद्धा टिकत नव्हतं. गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या. उलट्या थोड्या थांबल्या, पण एकाचे दोन दिसायला लागले आणि चालताना तोल जायला लागला. गावात बोभाटा झाला, की पोरगा पिऊन फिरतो. घरच्यांनी डॉक्टरांना 'हर्नियाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं. आमच्या गावातल्या एका एम.डी. डॉक्टरांनी पोटावरच्या दुर्बिणीच्या खुणा मोजल्या आणि त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. बी-वनचं सुटं इंजेक्शन आम्हा गावच्या मेडिकलवाल्यांकडे सहसा नसतं. धुळ्याहून एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती मागवलं. डोळे लवकर सुधारले, चाल पूर्ववत व्हायला बरेच महिने गेले. अशा रुग्णाला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, नाहीतर उरलंसुरलं थायमिन ते ग्लुकोज जाळण्यातच खर्च होतं आणि मेंदूवर येतं. हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पण ऑपरेशन कोणतं झालंय हेच सांगितलं नाही, तर डॉक्टर तरी काय करणार?

इथं मी माझ्या खऱ्या तक्रारीवर येते. लोक हे ऑपरेशन लपवतात. आणि ऑपरेशन लपवलं की गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि लपवून घ्यायच्या गोळ्या फार दिवस चालत नाहीत.

मुलीचं लग्न जमत नाही म्हणून ऑपरेशन करून आणणारे आईबाप मी पाहिलेत. एक आई भर दुपारी, दुकानात कोणी नसताना आली. मुलीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या आणि म्हणाली, "ताई, यांच्यावरची नावं काढून द्या, साध्या बाटल्यांमध्ये भरून द्या." सासर शहाद्याकडचं, एकत्र कुटुंब, पंधरा-वीस माणसं. ऑपरेशनचं सासरी सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, नाव नसलेली गोळी मी देणार नाही, उद्या तिला काही झालं तर तिथल्या डॉक्टरला ती काय दाखवेल? बाई रागावली. गोळ्या घेऊन गेली, घरी बसून लेबलं नखानं खरवडली असतील.

तिथं व्हायचं तेच झालं. सकाळी मल्टिव्हिटॅमिन, दुपारी लोह, तीन वेळा कॅल्शियम, शिवाय बी-ट्वेल्व्ह. एवढं सगळं भरल्या घरात नव्या सुनेनं लपूनछपून घ्यायचं कसं? "हिला कसला आजार आहे?" हा प्रश्न येण्याआधी तिनंच गोळ्या बंद केल्या. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात, तेही सासरी कोण सांगणार? दिवस गेले. सरकारी दवाखान्यात नाव घातलं. आशाताईंनी लोहाची न् कॅल्शियमची गोळी दिली आणि दोन्ही एकत्र घेऊ नको म्हणून बजावलं. (शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतून आलेल्या माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना हे माहीत नसतं, आशाताईंना असतं.) मग गरोदरपणातल्या शुगरसाठी सगळ्यांना देतात तसं ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी तिलाही प्यायला दिलं. बायपासच्या माणसाला एवढं गोड पाणी एकदम दिलं की ते सरळ आतड्यात उतरतं. दरदरून घाम, धडधड, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी. तिला बाकावर आडवं करावं लागलं. त्या रात्री तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं.

आकाश कोसळलं नाही. डॉक्टरांनी त्या पाण्याऐवजी आठवडाभर घरीच बोटातून शुगर तपासायला सांगितली, रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून लोह शिरेतून दिलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आणि आता कॅल्शियम संपलं की फोन सासूबाईंचाच येतो. मुलीचं वजन बघून नकार देणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं ते छापण्याजोगं नाही, म्हणून राहू द्या.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. मी गोळ्या विकते म्हणून गोळ्यांची बाजू घेते, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. जनऔषधी केंद्रात यातलं बरंच काही स्वस्तात मिळतं, तिथून घ्या. फक्त डबीच्या पुढच्या बाजूला भुलू नका, मागची बाजू वाचा. कॅल्शियमचंच बघा. या रुग्णांना आम्ल कमी असल्यामुळे कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं. कार्बोनेटला शोषलं जायला आम्ल लागतं. पण डबीवर 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ' असलं तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम असतं फक्त २१० मिग्रॅच्या आसपास. मागे बारीक अक्षरात 'एलिमेंटल' म्हणून आकडा असतो, तो खरा. अमेरिकेतल्या या सर्जनांच्या संघटनेनं २०१६ साली सुधारलेल्या सूचनांत स्लीव्ह आणि बायपासवाल्यांसाठी रोजचं १२०० ते १५०० मिग्रॅ कॅल्शियम सांगितलंय, आणि तेही एका वेळी पाचशे-सहाशेच्या वर नाही, कारण त्याहून जास्त शोषलंच जात नाही. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यापासून चार तास. आणि लोहाच्या आगेमागे चहा नको. आमच्या खान्देशात चहाशिवाय दोन तास काढायचे म्हणजे शिक्षाच, पण ती तेवढी भोगावी.

त्याच सूचनांत बी-ट्वेल्व्ह तोंडावाटे रोज ३५० ते ५०० मायक्रोग्रॅम आहे, नाहीतर महिन्याला १००० चं इंजेक्शन. आणि बाजारातल्या झगमगीत मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर बघाल तर बऱ्याचदा एक-दोन मायक्रोग्रॅम! ती गोळी धडधाकट माणसासाठी काढलेली असते. ऑपरेशन झालेल्यांपैकी पाळी येणाऱ्या बायकांना आणि स्लीव्ह-बायपासवाल्यांना लोह रोज ४५ ते ६० मिग्रॅ लागतं. हल्ली मुलं मागतात त्या जेलीसारख्या गोड गोळ्यांत बहुतेक वेळा लोह नसतंच. शिवाय एप्रिलमध्ये आमच्या दुकानात त्या गोळ्यांचा वितळून एक गोळा होतो तो वेगळाच. आपापला डोस डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ठरवायचा. मी आकडे दिले ते एवढ्यासाठी, की 'व्हिटॅमिनची एक गोळी घेते ना' यानं भागत नाही हे कळावं.

व्हिटॅमिन डी-चं तर कोणाला पटतच नाही. ४५ अंशांचं ऊन असलेल्या जिल्ह्यात डी कमी कसं? अहो, त्या उन्हात आपण बाहेर असतो कुठे? आणि निघालो तर डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये. त्यात वजन जास्त असलेल्यांमध्ये हे जीवनसत्त्व चरबीत अडकून पडतं, त्यामुळे ऑपरेशनच्या आधीपासूनच ते कमी असतं.

खर्चाचं नाकारत नाही. सगळं मिळून महिन्याला दीड-दोन हजारांच्या घरात जातं. मेडिक्लेम ऑपरेशनचे लाखो देतो, पुढच्या गोळ्यांचा रुपया सहसा देत नाही. कापूस घरात पडून असला, भाव नसला, की घरात पहिली काट या गोळ्यांवर बसते, कारण त्या बंद केल्यानं उद्या सकाळी काही दुखत नाही. म्हणूनच ऑपरेशनचा खर्च विचारताना गोळ्यांचाही विचारा. पॅकेजमध्ये तो आकडा कोणी सांगत नाही.

ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयांना माझी विनंती आहे, की सुट्टी देताना मराठीत एक पान द्या. ब्रँडच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहा, म्हणजे अमळनेर काय न् अक्कलकुवा काय, कुठलाही मेडिकलवाला देऊ शकेल. वर मोठ्या अक्षरात लिहा की या रुग्णाचं बायपास किंवा स्लीव्ह झालंय, उलट्या होत असतील तर आधी थायमिन, आणि अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. बायपासवाल्यांना त्या गोळ्यांनी जठराची पिशवी आतड्याला जोडलेली असते तिथं अल्सर होऊ शकतो, आणि आमच्याकडे गुडघे दुखले की लोक त्या शेंगदाण्यासारख्या खातात. आणि संपादकसाहेब, आपण पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा ऑपरेशनला पाच वर्षं झालेल्या एखाद्याला गाठा आणि त्याचा बी-ट्वेल्व्हचा रिपोर्ट विचारा.

वर्षातून एकदा तपासणी करायचीच आहे, तर सासरी गेलेल्या मुलींनी ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यावर उरकून घ्यावी. दिवस लक्षात राहतो, आईकडे असल्यानं कोणाला विचारायला लागत नाही. मात्र लॅबमध्ये 'फुल बॉडी' म्हणून जे पॅकेज मिळतं त्यावर थांबू नका. त्यातलं कॅल्शियम नॉर्मल येतं, कारण रक्तात कमी पडलेलं शरीर हाडांतून काढून भरतं. ते कळायला पी.टी.एच. ही वेगळी तपासणी लागते. तसंच हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. या दोन्ही पॅकेजमध्ये बहुधा नसतात, सांगून करून घ्याव्या लागतात, आणि रक्त द्यायला जाताना त्या दिवशीची लोहाची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची.

गिऱ्हाइकं ओळखीची आहेत, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक औषधविक्रेती
अमळनेर, जि. जळगाव